ओलं सारवण

ओतिलिया होडीभर गाळ काढून घरी आली, तेव्हा तिचा नवरा शेजारच्या नाबोरच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता आणि त्याचा डावा पाय टबात होता. टबात हिरवट पाणी होतं, पाण्यात अखोलोते, म्हणजे पाणसरडे, वळवळत होते, आणि सिरिलो डोळे मिटून असा बसला होता की जणू खुद्द पोप त्याचे पाय धुतोय.

"ह्ये काय चाललंय?" ओतिलियानं विचारलं. होडी रेटायची लांब काठी अजून तिच्या हातातच होती.

"उपचार," सिरिलो डोळे न उघडता म्हणाला.

"कुनावर? त्या अखोलोत्यांवर? त्येंनी काय पाप केलं म्हनून तुज्या कुजक्या पायाचं पानी प्यावं?"

नाबोर हात पुसत पुढं आला. नाबोर त्यांचा कोंपाद्रे, म्हणजे त्यांच्या पोराच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभा राहिलेला; तोही सिरिलोला कोंपाद्रे आणि तिला कोमाद्रे म्हणायचा. या नात्याचं एक आहे. सख्ख्या भावाला दाराबाहेर काढता येतं, कोंपाद्रेला काढता येत नाही. निम्मं आयुष्य शहरात गॅरेजात स्क्रू पिळून नाबोर सान ग्रेगोरिओ गावी परत आला होता, चिखलाच्या गावात कातडी बूट घालून फिरत होता, आणि हल्ली अखोलोत्याच्या चरबीचं मलम करून विकत होता.

"कोमाद्रे, जरा ऐकून घे," तो म्हणाला. "अखोलोत्याचा पाय तुटला तर त्येला दुसरा येतो. शेपूट तुटली तर शेपूट येती. आता ज्येला नवा पाय फुटतो, त्येच्या पान्यात आन् चरबीत तसलाच गुन असनार का न्हाय?"

"गायीच्या गोठ्यात लई रात्री निजलास की तू. दूध आलं का तुला?"

सिरिलो खुदकन हसला आणि मग आपण कुणाच्या बाजूचे आहोत ते आठवून गप्प झाला.

"हसन्यावारी नेऊ नगंस," नाबोर म्हणाला. "मार्चात जत्रंला कोंपाद्रेला चिनेलोचा उड्यांचा नाच नाचायचाय. ह्यो नमुनाच बघ, म्हंजे खात्री पटंल." त्यानं टबात हात घालून एक अखोलोता वर काढला. वीतभर लांब, काळा, डोक्याला पिसांसारखे कल्ले, आणि तोंड असं की सदा कुणाची तरी फजिती बघून हसतोय. त्याला पुढचा एक पाय नव्हता. "बघ, पाय उगवतुय."

ओतिलियानं निरखून बघितलं. खुंटावर कोंब नव्हता, चावे होते. नाबोरनं त्याला परत पाण्यात सोडलं मात्र, दुसऱ्या एकानं झडप घालून त्या खुंटाचा लचका तोडला. अखोलोते दाटीवाटीनं ठेवले की एकमेकांचे पाय खातात, हे कालव्याकाठी वाढलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गॅरेजात ते कोण शिकवणार?

"उगवतुय कसला, भावकी खातीय त्येला," ती म्हणाली. तिनं गाळाची बादली विसळली, त्या खुंट्या अखोलोत्याला शेपटीकडून उचललं आणि बादलीत टाकलं.

"अगं, नमुना हाय त्यो माजा! गिऱ्हाइकाला दावायचा!"

"म्हनूनच न्हेते. आन् तू, ऊठ. फडकं गुंडाळ त्या पायाला आन् घरी चल. सूप उकळायला ठिवलंय न्हाई टबात, पाय हाय त्यो."

तर हा पाय असा होता. सिरिलोला साखरेचा रोग. गोड सरबताच्या बाटल्या आणि घायपाताची आंबवलेली दारू, पुल्के, पिऊन पिऊन त्यानं तो कमावला होता. दुसरं काही कमावल्याचं गावाला ठाऊक नव्हतं. साखरेनं त्याच्या तळपायाची संवेदना गेलेली. मृतांच्या सणाला कबरीवर झेंडू वाहायला गेला, तेव्हा होडीच्या फळीतला खिळा बुटातून आरपार तळव्यात घुसलेला. दिवसभर तो खिळ्यावर चालला. बुटातून रक्त झिरपायला लागलं तेही कुत्र्याच्या ध्यानात आलं, त्याच्या नाही. आता टाचेपुढं अंड्याएवढं खांडूक झालं होतं, आणि ते भरायचं नाव घेत नव्हतं.

गावच्या दवाखान्यात बेरेनिसे नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिनं जखमेतलं मेलेलं मांस खरवडून काढलं. सिरिलो भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला होता, त्याला काहीच लागत नव्हतं. 

"हाडापर्यंत गेलेलं नाही, हे नशीब," बेरेनिसे म्हणाली. "जखम तळापासून भरते, काका. आधी तळाला लाल दाणे येतात. ते कोवळं मांस. मग कडेची कातडी हळूहळू त्यावरून आत सरकते, डोळ्याला दिसणारही नाही इतकी. पण तुम्ही एकदा त्या पायावर उभे राहिलात की सगळं चिरडतं, आणि शरीराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून साखर आवरायची, जखम रोज धुवायची आणि हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. अजिबात नाही."

"अखोलोत्यावानी येतं का मग नवं?" सिरिलोनं विचारलं.

"नाही. अखोलोत्याला हाडाबोटांसकट अख्खा पाय येतो. माणसाला नुसतं ठिगळ मिळतं. आणि ते हाडापर्यंत गेलं, तर पाय कापावा लागेल. कापलेला पाय माणसाला परत येत नाही."

तिनं काखेत घ्यायच्या दोन कुबड्या दिल्या. बाहेर आल्या आल्या सिरिलोनं कुबड्या बायकोच्या हातात दिल्या आणि दोन्ही पायांवर चालायला लागला.

"कालची पोर," तो म्हणाला. "तिला काय कळतंय? पडून ऱ्हायलं तर पाय गंजंल माजा."

"पाय गंजत न्हाय, अक्कल गंजती. तुजी गंजून गळून पडली, तवा तुला कळलं न्हाय, तसंच पायाचं हुईल."

पण पालथ्या घड्यावर पाणी. नाताळपर्यंत असंच चाललं. ती रात्री जखम धुवून पट्टी बांधायची, आणि सकाळी हा शहाणा कालव्याच्या धक्क्यावर डोमिनो खेळायला जायचा. संताच्या पालखीची मंडळी बोलवायची, हा जायचा. खानावळीतले बोलवायचे, हा जायचा. कुणाच्या घरी बाप्तिस्मा, कुणाच्या घरी मयत, आणि प्रत्येक ठिकाणी नाबोर गळ्यात गळा घालून. लाल दाणे आलेले ओतिलियानं स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा पाहिले. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तर त्यांचा चेंदामेंदा झालेला. तिला एवढा राग आला, एवढा राग आला, की तिनं नाबोरनं दिलेली मलमाची डबी उचलून कालव्याकडं नेली. वास घेऊन पाहिला. डुकराची चरबी, डांबर आणि कापूर. अखोलोता बहुतेक डबीवरच्या चित्रातच होता. तिची होडी गळत होती. तिनं सगळं मलम फळ्यांच्या फटीत कोंबलं, आणि खोटं कशाला बोला, होडी गळायची थांबली.

तो खुंटा अखोलोता तिनं परसात सावलीत, मातीच्या हंड्यात ठेवला होता. एकटा. रोज थंड, स्वच्छ पाणी, रोज चार गांडुळं. त्याच्यावर तिचं प्रेमबिम नव्हतं; नाबोरचा नमुना मरू नये एवढाच हट्ट. आणि एक दिवस पाणी बदलताना तिला दिसलं, की खुंटावर चावे नाहीत. खुंट गोल झालाय, आणि टोकाला गव्हाच्या दाण्याएवढा कोंब आहे. कुणी मलम लावलेलं नव्हतं, कुणी मंत्र म्हटला नव्हता. त्याला भावकीतून बाहेर काढलं होतं, बस्स.

ओतिलिया हंड्याशी उकिडवी बसून राहिली. मग तिनं मान वळवून घराकडं पाहिलं. आत नाबोर आणि सिरिलो पुल्केचा मग समोर घेऊन हसत होते.

"अस्सं," ती म्हणाली.

जानेवारीत हिव पडायला लागलं. पहाटे कालव्यांवरून धूर निघावा तशी वाफ निघायची, आणि चिनांपावर लेट्यूसची पानं काचेसारखी कडकडीत व्हायची. चिनांपा म्हणजे पाण्यात गाळ रचून रचून केलेलं शेत. कडेला वाळुंजाची झाडं लावून बांध धरलेला. त्यांचं शेत लांब आत होतं, चारी बाजूंनी पाणी, आणि मधोमध बोरूची एक खोपी.

"आज हिव लई पडनार," ओतिलिया एका दुपारी म्हणाली. "रोपांवर गवत पसरायचंय. मी येकटी किती करू? तू नुसता बस होडीत, पेंढ्या हाती दे."

"आता आली का माजी गरज?" सिरिलो फुशारून म्हणाला आणि होडीत बसला. होडीत गवताच्या पेंढ्या होत्या. पेंढ्यांखाली गोधड्या, कुबड्या, शेगडी, माठ, रेडिओ आणि तो हंडा होता. ते त्याला दिसलं नाही. सिरिलोला पेंढ्यांखालचं आयुष्यात कधी दिसलंच नाही.

चिनांपावर पोचल्यावर तिनं त्याला आधार देऊन खोपीत नेलं, खाटेवर बसवलं, सामान आत आणून ठेवलं. खाटेखाली मुताचं भांडं सरकवलं. मग त्याचे दोन्ही बूट बगलेत मारून ती होडीत चढली आणि काठीनं धक्का देऊन पाण्यात गेली.

"अगं ये! कुठं निघालीस?"

"घरी."

"आन् मी?"

"तू हितंच. पाय भरंस्तवर."

सिरिलोचा आवाज असा फुटला की वाळुंजावरचे बगळे उडाले. "ओतिलिया! होडी फिरव! मी नवरा हाय तुजा!"

"म्हनून तर गोधड्या ठिवल्यात. परका असतास तर नुसता सोडला असता!"

"मी पवून ईन!"

"ये की! पान्यात बर्फ हाय आन् गाळ मांडीपत्तुर. तुज्या गुडघ्यात वात हाय, अंघूळ बी तू ऊन पान्यानं करतोस. ये, ये पवून, मी बघते!"

शेजारच्या चिनांपावर घोळीची भाजी खुडणारी बाई पोट धरून हसायला लागली. ओतिलियानं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. कालव्यावरच्या सगळ्याच बायकांना सांगून ठेवलं होतं: काही बरंवाईट झालं तर हाक द्या, पण होडीत घेऊ नका. गेल्या वर्षी एकीचा नवरा असाच एक पाय देऊन बसला होता. त्यामुळं कुणीही "बिचारा" म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती भल्या सकाळी गेली. घेवडा, भाजलेलं निवडुंग, मोजून दोन मक्याच्या भाकरी. सिरिलोनं तोंड भिंतीकडं केलं होतं. तिनं उकळलेल्या पाण्यानं जखम धुतली, पट्टी बांधली, आणि मग ती दारात बसून गाळ पसरायला लागली. रोपांचा वाफा करताना पसरतात तसाच, बोटभर जाड, हाताच्या तळव्यानं गुळगुळीत सारवलेला. खोपीच्या उंबऱ्यापासून पार पाण्यापर्यंत.

"ह्ये काय?" त्यानं न राहवून विचारलं.

"सारवतेय. कुबड्या घिऊन उजव्या पायावर बाहेर ये, उन्हात बस, माजी ना न्हाय. कुबडीचा ठसा चालंल, उजव्याचा चालंल. पर डाव्याचा ठसा दिसला तर त्या दिशी रेडिओ न्हाय."

"मी काय ल्हान पोर हाय?"

"ल्हान पोराला येकदा सांगितल्यालं कळतं." मग तिनं हंडा उचलून त्याच्या खाटेशी ठेवला. "ह्यो तुजा सोबती. ह्येला बी पाय न्हाय, तुला बी न्हाय. बघू कुनाला आदी फुटतो. मी ह्येच्यावर पैज लावलीय."

पहिल्याच संध्याकाळी डाव्या पायाचा ठसा. चांगला ठसठशीत, पाची बोटांचा.  ओतिलियानं रेडिओ उचलला आणि ती गेली. त्या रात्री फुटबॉलचा सामना होता. सकाळी सिरिलोचे डोळे सुजलेले. पाय जाणार म्हणून ज्या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो सामना हुकला म्हणून रडला होता. असल्या माणसाशी लग्न लावून दिलं म्हणून ओतिलियानं आपल्या मेलेल्या बापाला होडीत बसून चार शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठसा. पुन्हा रेडिओ गेला. मग एक दिवस अर्धाच ठसा, नुसत्या चवड्याचा. टेकवता टेकवता आठवलं असावं. आणि मग ठसे बंद झाले. एक कुबडीचा गोल, एक उजवा पाय, एक कुबडीचा गोल. ती रोज आली की आधी सारवण बघायची, मग नवऱ्याचं तोंड.

एका सकाळी मात्र सारवणात बुटाचा ठसा होता. शहरी बूट, टाचेवर घोड्याची नाल. आणि खोपीत पुल्केचा आंबूस वास.

"कोन आलतं?"

"कोन न्हाय. वारा."

"वाऱ्यानं बूट कवापासून घालाय सुरवात केली?"

त्या दुपारी ती घरी गेलीच नाही. होडी वाळुंजाच्या आड लावून बसली. नाबोर आला. बायकांनी वल्हवून आणायला नकार दिला म्हणून कुणाची तरी होडी मागून स्वतःच काठी मारत आला होता, आणि काठी मारायची म्हणजे काय हे तो गॅरेजात विसरला होता. होडी धक्क्याला लागते न लागते तोच ओतिलियानं आपल्या काठीनं तिला हलकासा धक्का दिला. अगदी हलकासा. नाबोर एक पाय काठावर, एक पाय होडीत असा ताणला गेला, आणि मग बुटांसकट कंबरेएवढ्या गाळात उभा राहिला. पुल्केचा घडा उलटा तरंगत निघून गेला.

"कोमाद्रे! आगं, रुततुय मी!"

"रुतू दे. तुजा खालचा भाग गेला तरी भ्यायचं काय कारन न्हाय. मलम लाव, नवीन ईल."

खोपीच्या दारात सिरिलो कुबड्यांवर उभा होता. हसायचं की रागवायचं ते त्याला कळेना.

"मी मैतरासाठी आलो," नाबोर खालून ओरडला. "येकटं मानूस मरतं, कोमाद्रे! मानसाला मानसं लागत्यात!"

"लागत्यात. पर त्येचा पाय खानारी न्हाय लागत." तिनं हंडा उचलून आणला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "बघ. तुजाच नमुना."

हंड्यात अखोलोता हसत होता. खुंटाच्या जागी इवलासा, पारदर्शक पाय आला होता. त्याला मोहरीएवढी बोटं फुटली होती. नाबोर गाळात उभा राहून बघत राहिला, आणि एक क्षण ओतिलियाला वाटलं, की याच्या डोक्यात उजेड पडला.

"बघितलंस?" नाबोर हरखून म्हणाला. "मी म्हनत नव्हतो, गुन हाय म्हनून? ह्येला मी आदी मलम लावलं हुतं!"

ओतिलियानं डोक्याला हात लावला. मग गाळ काढायच्या लांब दांड्याच्या झोळीनं तिनं त्याला ओढून बाहेर काढलं. सोडून दिला असता, पण कोंपाद्रे पडला.

एकदा बेरेनिसे आली. गावात वाढलेली नव्हती, होडीत दोन्ही कडा घट्ट धरून बसली होती, आणि पाण्याकडं न बघता आली. तिनं खोपी पाहिली, सारवण पाहिलं, खाटेवरचा सिरिलो पाहिला.

"ओतिलियाबाई, मी यांना झोपवून ठेवा म्हणाले होते," ती म्हणाली. "बेटावर टाका असं नव्हते म्हणाले."

"झोपवून ठिवायला घरी दोर पुरंना."

बेरेनिसे हसू दाबत वाकली, पट्टी सोडली, आणि मग खरंच हसली. तळ भरून आला होता. लालभडक, दाणेदार, डाळिंब फोडल्यासारखं. आणि कडेनं गुलाबी, ओलसर कातडीची एक किनार आत सरकत होती. "ही बघा," ती बोट न लावता दाखवत म्हणाली. "ही चालतेय. हिला चालू द्या. तुम्ही चालू नका."

सिरिलोनं मान वाकवून स्वतःचा तळवा पहिल्यांदाच नीट पाहिला. 

"ह्ये माजंच हाय?" त्यानं विचारलं.

"न्हाय, माजं हाय," ओतिलिया म्हणाली. "तू नुसता अंगावर वागवतोस."

दुखणं येतं हत्तीच्या पायानं आणि जातं मुंगीच्या पायानं. फेब्रुवारीची वावटळ आली, खोपीचे बोरू उडवून गेली. ओतिलियानं ते बांधले, सारवण पुन्हा केलं. सिरिलो कधी शिव्या देत होता, कधी अखोलोत्याशी बोलत होता. बायकोबद्दल काय काय सांगत होता देव जाणे. ती आली की दोघं गप्प व्हायचे. तिच्याही हाताला गाळानं भेगा पडल्या होत्या. त्या कोण बघतो? त्या आपल्या आपण भरत होत्या आणि पुन्हा फुटत होत्या.

मार्चमध्ये एका सकाळी पट्टी सोडली, तर जखम नव्हती. जागेवर पातळ, चकाकती, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी गुलाबी कातडी होती. बेरेनिसेनं दाबून पाहिलं, मऊ तळाची चप्पल दिली आणि बजावलं: "चाला, थोडं थोडं. पण उड्या नाहीत. ठिगळ नवं आहे. फाटलं तर या वेळी शिवायला कापड नाही."

अखोलोता कधीच चार पायांचा झाला होता. ओतिलियानं हंडा कालव्यात उपडा केला. तो एकदा वळला, आपलं ते खुळं हसू दाखवलं आणि गाळात गेला. पैज तिनं जिंकली होती.

जत्रेच्या दिवशी चर्चच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ताशे, कर्णे, फटाके, मक्याच्या पानातले वाफाळते तामाल, राजगिऱ्याच्या वड्या. एका कोपऱ्यात गर्दीचं मोहोळ, आणि मोहोळाच्या मधोमध बाकावर सिरिलो, चप्पल काढून, पाय स्टुलावर. शेजारी नाबोर, पुढ्यात डब्यांचा ढीग.

"हात लावून बघा!" नाबोर ओरडत होता. "कापायचा ठरला हुता ह्यो पाय! अखोलोत्याची करामत! कोंपाद्रे, सांग तुज्या तोंडानं!"

"व्हय," सिरिलो घसा खाकरून म्हणाला. "मलमानं गुन आला."

ओतिलिया गर्दीच्या कडेला उभी होती. कावळा बसला आणि फांदी मोडली, इथं तर कावळा बसलाही नव्हता. तो गाळात रुतला होता. पण तिला नवल वाटलं नाही. बायकोनं बेटावर कोंडलं म्हणून पाय वाचला, हे चारचौघांत सांगण्यापेक्षा सरड्याच्या चरबीनं वाचला म्हणणं मर्दाला सोपं जातं. तिला फक्त किळस आली, दोघांची, आणि डब्या घ्यायला पैसे काढणाऱ्या त्या सगळ्या मेंढरांची.

"ओतिलियाबाई, खरं का हो?" एका म्हातारीनं विचारलं. "येतो का गुन?"

"येतो की. माजी होडी गळायची थांबली."

म्हातारी समजुतीनं मान हलवून डबी घ्यायला गेली.

तेवढ्यात चिनेलो आले. मखमली झगे, दाढीवाले मुखवटे, परडीएवढ्या उंच टोप्या, आणि तो ताल, की लंगड्याचेही खांदे उडायला लागावेत. सिरिलो पोरवयापासून या तालावर उडत आला होता. त्याचे खांदे हलले. नाबोरनं ते बघितलं. त्यानं कुणाची तरी टोपी ओढून सिरिलोच्या डोक्यावर ठेवली.

"ऊठ, कोंपाद्रे! लोकांना दिसू दे! चार उड्या मार!"

"मार! मार!" लोक ओरडले.

 हाक मारायला ओतिलियानं तोंड उघडलं आणि मिटलं. आज हाक मारावी लागली, तर उद्या मारावी लागणार, परवा मारावी लागणार, आणि एक दिवस ती शेतावर असताना कुणीच मारणार नाही. एवढ्या हिवात हात फोडून घेतले ते सगळं या एका उडीत जाणार होतं. तिनं आपल्या शालीचं टोक मुठीत धरलं आणि बघत राहिली.

सिरिलो उठला. उजवा पाय तालावर वर गेला, खाली आला. मग डावा वर गेला. टोपीची पिसं थरथरली. आणि पाय हवेत असतानाच त्यानं खाली पाहिलं. खाली चर्चची दगडी फरशी होती, झाडलेली, कागदाचे रंगीत कपटे पडलेली. तो बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला. ताशे वाजतच होते.

मग त्यानं हळूच पाय मागं घेतला, स्टुलावर ठेवला आणि खाली बसला.

"काय झालं?" नाबोर म्हणाला. "मार की!"

"नगं. ओलं हाय."

"काय ओलं हाय? फरशी खडखडीत वाळल्याली हाय!"

"न्हाय," सिरिलो हट्टानं म्हणाला. त्यानं टोपी काढून नाबोरच्या हातात दिली. "सारवलंय. वाळंस्तवर डावा पाय द्यायचा न्हाय."

लोक खो खो हसले. म्हातारा चळला, कुणी म्हणालं. नाचता येईना, अंगण ओलं, दुसरा म्हणाला. नाबोरही हसला आणि पुन्हा डब्या विकायला लागला. डब्या भराभर खपत होत्या. सिरिलो कुणाकडं न बघता चप्पल चढवत बसला, आधी डावी, बोटांनी आत चाचपून, खडा नाही ना ते बघून.

ओतिलियाच्या छातीत असं काही भरून आलं की आता कुणाला तरी शिव्या घातल्याशिवाय तिला श्वास घेता येईना. ती तरातरा तामालवालीकडं गेली, दोन तामाल घेतले आणि एक उघडून चाखला.

"कच्चं हायत," ती ओरडली. "जत्रंच्या दिशी बी कच्चं! लाज वाटत न्हाय का गं, बये? देवाच्या दारात बसून?"

तामाल चांगले शिजलेले होते. ती दोन्ही तिथंच उभी राहून खात होती, आणि डोळे पुसत होती, आणि तामालवालीला सोडत नव्हती.